परीक्षानळी लाल येते तोवर

चैत्र सरत आला की आमच्या गल्लीत टँकरचा भोंगा ऐकू यायला लागतो. लातूरचा उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही, टँकरच्या मागून येतो. आधी भोंगा, मग रस्त्यावरून पाईप फरफटत नेल्याचा आवाज, मग बायकांची बारीकसारीक भांडणं, आणि सगळं आटोपल्यावर डांबरावर सांडलेल्या पाण्याचा एक काळा ओघळ. तो बघता बघता वाळतो.

यंदाचा पहिला भोंगा परवा वाजला. मी ओट्याशी कणीक मळत होते. पिठाचे हात तसेच घेऊन हॉलमध्ये आले आणि माशांच्या टाकीखालचं कपाट कोपराने उघडून आत डोकावले. थेंब पडत होता. एक पडला, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. यंत्र व्यवस्थित चालू होतं. आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

हे यंत्र मी आणि अप्पांनी मिळून केलं, मागच्या उन्हाळ्यात. अप्पा म्हणजे माझे वडील. यंत्र म्हणायचं तेही अप्पांमुळे. खरं तर तो एक गाळणा आहे, घरीच केलेला, माशांच्या पाण्यातलं नायट्रेट काढून टाकणारा. अप्पांच्या लेखी गाळणा चहाचा असतो. ज्याला नळ्या असतात आणि ज्याच्यापुढे माणसाला बसून राहावं लागतं, ते यंत्र.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. टाकी आणली ती आई गेल्यावर. आई-अप्पा अर्धापूरजवळच्या आमच्या गावी असायचे. आई रोज दिवेलागणीला फोन करायची आणि भाजी काय केली ते विचारायची. मी सांगायची, ती “बरं” म्हणायची, झालं. तो फोन बंद पडला तेव्हा संध्याकाळ केवढी लांबलचक असते ते मला कळलं. घरात आपल्याखेरीज आणखी काहीतरी हलावं, म्हणून एके दिवशी दुकानात जाऊन काचेची टाकी, थोडी पाणवनस्पती, तीन गोल्डफिश आणि बुडबुडे सोडणारी मोटर घेऊन आले. मला खरी हवी होती मोटारीची घरघर. मासे सोबत आले एवढंच.

परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, आणि मी अप्पांना लातूरला घेऊन आले. केळीची बाग त्यांनी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिली होती. घरी ते एकटेच, दोन वेळचं जेवण शेजारणीकडून येणार. आले ते एक पिशवी, एक काठी आणि तंबाखूची चंची घेऊन. आल्याच्या पहिल्या संध्याकाळीच म्हणाले, “उद्या जातो.”

“जाऊन काय करणार, अप्पा?”

“केळीला पानी द्यावं लागतंय.”

“ते बटईदार देतो.”

“मग देताना बघत बसतो,” अप्पा म्हणाले.

आमची गल्ली शिकवणी वर्गांची. प्रत्येक घराच्या वर दोन-दोन मजले पोरापोरींच्या खोल्यांचे, खाली खानावळी, कोपऱ्यावर झेरॉक्स. पहाटेपासून पाठीवर दप्तरं आणि कानात गाण्यांची बोंडकं घालून पोरं जात असतात. अप्पा फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येकाला राम राम करायचे. गावात ते करतातच. इथल्या पोरांना आधी ऐकूच जायचं नाही, मग एखादा दचकून कानातलं बोंडूक काढायचा, “काय आजोबा?” म्हणून थांबायचा. “काय न्हाई, जा,” अप्पा म्हणायचे. काही दिवसांनी त्यांचा हात नुसता मांडीवरून थोडा उचलायचा आणि पुन्हा खाली बसायचा.

मग डॉक्टरकीची ती मोठी परीक्षा झाली आणि गल्ली रिकामी व्हायला लागली. गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, पुस्तकांची खोकी, सगळं रिक्षात कोंबून पोरं आपापल्या गावांना निघाली. खानावळवाल्यानं खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातल्या. लातूरमध्ये इतकी वर्षं राहूनही मला या दिवसांची सवय झालेली नाही. इतरत्र परीक्षा संपल्याचा आनंद असतो. आमच्या गल्लीत माणसं संपतात.

“बाजार उठला,” अप्पा फाटकातून म्हणाले. “म्या बी जातो आता, माय.” ते मला माय म्हणतात, आमच्याकडे लेकीला म्हणतातच.

त्याच दिवसांत पाण्याची भानगड सुरू झाली. माशांची घाण पाण्यात कुजते, तिचं होता होता शेवटी नायट्रेट होतं, आणि साध्या फिल्टरमध्ये ते तसंच साठत राहतं. तपासायला एक छोटा संच मिळतो. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवून थोडं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी चांगलं; केशरी झालं तर सांभाळा; लाल झालं तर माशांचं कठीण. आमचं लालभडक आलं. उपाय सोपा असतो, निम्मं पाणी बदलायचं. मी बदललं. पुन्हा लाल. मग शंका येऊन घरच्या बोअरचं पाणी तपासलं, तर तेच केशरी. टँकरचंही तसंच, तोही कुठल्यातरी शेतातल्या बोअरवरच भरतो. मळलेल्या पाण्यानं धुणं धुवायचा प्रकार होता.

अप्पा माझ्या मागे उभे राहून बघत होते. मी त्यांना समजावून सांगितलं. “पिकाला टाकलेलं खत असतं ना, अप्पा, पीक त्याला लागतं तेवढं घेतं. उरलेलं जमिनीत मुरतं, आणि ते खालच्या पाण्यात जाऊन बसतं. हे तेच आहे.”

“म्हंजे आमचंच हाय की मग हे.”

“तुमचंच.”

“मग समजतंय मला,” अप्पा म्हणाले आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. त्या दिवसापासून त्यांची खुर्ची फाटकाशी गेली नाही.

यंत्राची कल्पना मी कुठेतरी वाचली होती. एका बंद नळकांड्यात बारीक नळीचं लांबलचक वेटोळं बसवायचं. टाकीचं पाणी त्यातून अगदी हळू, थेंबाथेंबानं जाऊ द्यायचं. नळीत जिवाणू वाढतात. सुरुवातीचे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. पुढच्यांना श्वास घ्यायला काही उरत नाही, तेव्हा ते नायट्रेट फोडून त्यातला प्राणवायू घेतात आणि नायट्रोजन बुडबुडा होऊन उडून जातो. पाणी जोरात गेलं तर काहीच होत नाही. फारच हळू गेलं तर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. जिवाणू बसायला काही आठवडे लागतात, तोवर वाट बघायची.

“श्वास कोंडल्यावर कामाला लागनारे जीव म्हन की,” अप्पा म्हणाले. मी हो म्हटलं.

चार इंची पाईपचा तुकडा आणि त्याची दोन झाकणं मी हार्डवेअरच्या दुकानातून आणली. बारीक नळी विकत घ्यायला अप्पांनी साफ नकार दिला. “घरी ठिबकच्या नळीचं नवं भेंडोळं पडलंय आन् तू पैसे घालून राहिली?” त्यांनी बटईदाराला फोन लावला. बटईदारानं पिशवी अर्धापूरहून नांदेडच्या गाडीत दिली, तिथून ती लातूरच्या गाडीत चढली, आणि कंडक्टरच्या सीटखालून आमच्या हाती आली. पिशवीत नळीचं भेंडोळं होतं, हिरव्या केळ्यांच्या दोन फण्या होत्या, आणि घट्ट बांधलेली एक कागदी पुडी होती. पुडी अप्पांनी उचलून चंचीशेजारी ठेवली. तंबाखू असेल म्हणून मी विचारलं नाही.

वेटोळं घालायला एक सबंध दुपार गेली. अप्पा मधली दांडी फिरवायचे आणि मी नळी सोडायची. कूलरची पाण्याची टाकी कोरडी, त्यामुळे नुसतीच गरम हवा येत होती. नळी सुटली की अप्पा खेकसायचे, “धर की नीट, मास्तरीन!” मी उलट खेकसायची. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांशी इतकं जपून बोलत होतो की ते खेकसणं मला गोड लागलं.

थेंब कमी-जास्त करायला मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली. तिला छोटी पांढरी चाकी असते, ती अंगठ्यानं फिरवली की थेंब आवरतो. नळी वेष्टनातून काढली तसा अप्पांनी हात पुढे केला. मी दिली. ते कितीतरी वेळ ती हातात घेऊन बसले. आईचे शेवटचे दिवस नांदेडच्या दवाखान्यात गेले होते. मी रजा घेऊन येऊन-जाऊन होते. अप्पा तिच्या उशाशीच होते.

“नर्सबाई अशी फिरवायच्या,” ते म्हणाले आणि अंगठ्यानं चाकी हळूच सरकवली. “थेंब थांबला की हाक मारायची, येवढंच काम होतं मला तिथं. दुसरं काय येत होतं?”

सबंध उन्हाळ्यात आईबद्दल ते एवढंच बोलले. चाकी त्यांनी लावली ती आजही त्याच जागी आहे, मी तिला हात लावलेला नाही.

पाणी सुरू केलं. पहिला थेंब पडला तेव्हा अप्पा म्हणाले, “चला. आता हे यंत्र लागू झालं, नळी पिवळी आली, की मी जातो बघ. तवर ऱ्हातो.”

म्हणजे मुदत ठरली. आणि त्या क्षणापासून मी त्या यंत्राकडे दोन मनांनी बघायला लागले. मासे जगायला हवे होते. आणि परीक्षानळी लाल यायला हवी होती.

दर रविवारी आम्ही पाणी तपासायचो. अप्पा चष्मा लावून नळी खिडकीच्या उजेडात धरायचे. लाल. “न्हाई पिकलं अजून तुझं यंत्र. ऱ्हावं लागंल,” ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे आणि लगेच धोतर धुवायला टाकायचे. रविवार झाला की आठवडाभर मला घर भरल्यासारखं वाटायचं. एकटीसाठी भाकरी थापणं मला कधी जमलं नाही, मी चपात्या लाटून डब्यात ठेवायची. आता दोघांच्या भाकरी थापायला लागले. संध्याकाळी अप्पा विचारायचे, “भाजी काय केली?” मी सांगायची. “बरं,” ते म्हणायचे. हे ते कुणाचं बोलतात ते त्यांना माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही.

टाकीतल्या वनस्पतीवर मात्र त्यांचा राग होता. “कडा बघ पिवळ्या पडल्यात. पालाश कमी पडलंय हिला.”

“शेत नाही ते, अप्पा.”

“पान ते पानच असतंय,” ते म्हणाले.

एकदा सकाळी टँकर लवकर आला. भोंग्यानं जाग आली, बादल्या घ्यायला म्हणून मी हॉलच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. अप्पा टाकीपाशी उभे होते. त्यांनी ती कागदी पुडी उघडली, दोन बोटांत काहीतरी पांढरं घेतलं, टाकीत सोडलं आणि बोटानं पाणी ढवळलं. “घ्या पोरींनो,” ते माशांना म्हणाले. मग पुडी नीट बांधून जागेवर ठेवली.

ते अंघोळीला गेल्यावर मी पुडी उघडली. बारीक पांढरे खडे होते. पुडीचा कागद खताच्या पिशवीचाच फाडलेला, त्यावर तेरा-शून्य-पंचेचाळीस छापलेलं. केळीला ठिबकमधून सोडतात ते खत. पालाश, म्हणजे पोटॅश, आहे त्यात, पंचेचाळीस. आणि उरलेलं तेरा म्हणजे नायट्रेट. ज्याच्यासाठी आम्ही वेटोळी घालत बसलो होतो, यंत्रापुढे खुर्ची टाकून बसलो होतो, तेच माझा बाप रोज सकाळी चिमटीनं टाकीत टाकत होता.

मी ओट्याशी जाऊन उभी राहिले आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून हसले. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण आता त्यांना सांगावं लागणार होतं. सांगितलं की ते पुडी बंद करणार. पुडी बंद झाली की नळी पिवळी येणार. आणि नळी पिवळी आली की ते धोतर पिशवीत भरणार.

मी नाही सांगितलं. शिकवते रसायनशास्त्र, पण त्या दिवशी सगळं शास्त्र गुंडाळून ठेवलं.

प्रश्न माशांचा होता. तिघींतली एक वरच्या वर तरंगायला लागली होती, पर मिटून, कोपऱ्यात. मग मी जारवाल्याकडून पिण्याच्या शुद्ध पाण्याचा एक जार जास्त घ्यायला सुरुवात केली. त्या पाण्यात नायट्रेट नावालाच. दुपारी अप्पा आतल्या खोलीत आडवे झाले, की मी चोरपावलांनी टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढायची आणि जारमधलं पाणी वाटीनं, आवाज न करता, आत सोडायची. सकाळी ते टाकायचे, दुपारी मी काढायची. मासळी पुन्हा पोहायला लागली. परीक्षानळी लाल आणि केशरीच्या मधे कुठेतरी अडकून राहिली, आणि त्या मधल्या रंगात आमचे दिवस छान गेले. इतके छान दिवस मला त्याआधी बरीच वर्षं मिळाले नव्हते.

पण मृग कुणासाठी थांबतो? बटईदाराचा फोन आला. मृगबाग लावायची, केळीचे कंद आलेत, मालकानं बघायला पाहिजे. अप्पांनी टाकीकडे बघितलं. “अजून न्हाई पिकलं हे. पर जावं लागंल, माय.” मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. नांदेडची गाडी लागली, त्यांनी खिडकीतून मांडीवरचा हात थोडा उचलला आणि गाडी हलली.

घरी आले. मोटर घरघरत होती.

पुढे काय होणार ते मला माहीतच होतं. सकाळची चिमूट थांबली आणि यंत्र आपलं काम करू लागलं. थोड्याच दिवसांत परीक्षानळी पिवळी आली. स्वच्छ, हळदीच्या पाण्यासारखी. मी ती खिडकीशी उजेडात धरून उभी राहिले. दाखवायला कुणी नव्हतं. वरच्या मजल्यावर नवीन वर्षाची पोरं ट्रंका ओढत होती. मी अप्पांना फोन लावला.

“अप्पा, पिवळं आलं.”

“आलं का?” ते म्हणाले. “मग झालं. आता काय माझं काम न्हाई तिथं.”

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीला मीच जाऊन आले. त्यांना “या” म्हटलं की ते विचारतात, “यंत्र चालू हाय का?” मी म्हणते, चालू आहे. “मग बरंय,” म्हणतात, आणि विषय संपतो. खोटं बोलायला काय लागत होतं? पण ते यंत्र त्यांनी अंगठ्यानं लावून दिलेलं. ते बिघडलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. माझं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एसटीच्या दोन गाड्या आहेत, आणि एक चांगलं चाललेलं यंत्र आहे.

मी पुष्कळदा विचार करते, एवढं खत कळणाऱ्या माणसाला त्या तेराचा अर्थ कळला नसेल का? मी तर खुर्चीशेजारी बसून समजावून सांगितलं होतं. “मग समजतंय मला,” असं ते म्हणालेही होते. पण म्हातारी माणसं ऐकतात एक आणि हात सवयीनं दुसरंच करतो, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

परवा टँकरचा भोंगा वाजला. काल गल्लीत पहिली वळकटी रिक्षात चढली. आज सकाळी मी टाकीसमोर बसून होते. मासे तिन्ही धडधाकट आहेत, चांगले जाड झालेत. पानांच्या कडा मात्र पिवळ्या पडल्यात, अप्पा म्हणायचे तशाच. पुडी ते विसरून गेले होते. मी ती चहापत्तीच्या डब्यामागे जपून ठेवली होती. काढली. माझ्याकडे तराजू आहे, किती टाकलं म्हणजे किती चढेल याचं गणित मला येतं. पण मी चिमटीनंच घेतलं. एकदा, आणि मग आणखी एकदा. बोटानं पाणी ढवळलं. दुपारी तपासलं. लालभडक.

मग फोन लावला.

“अप्पा, लाल येऊन राहिलं.” त्यांची बोली माझ्या तोंडात कशी आली, कळलं नाही.

“लाल? कामून?”

“काय माहीत.”

पलीकडे ठिबकचं पाणी सोडलं असावं, मोटारीचा आवाज येत होता.

“चिमूट मोठी पडली असंल तुझी,” अप्पा म्हणाले. “माझी बारीक असायची.”

कानाशी फोन आणि डोळ्यांसमोर टाकी, तीन मासे इकडून तिकडे.

“सोमवारच्या गाडीनं येतो,” ते म्हणाले. “आन् ते जारचं पानी बेतानं वत. दुपारचं मला झोप लागत न्हवती कधीच, नुसता पडून असायचो.”

फोन ठेवला. तोंड धुतलं. मग जारवाल्याला फोन करून सांगितलं, सोमवारपासून रोज एक जार जास्त टाक.